एकाच अक्षरातले दोन अर्ज

माजरीला माझ्या व्याह्यांच्या घरी, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर, वर्तमानपत्राचं एक कात्रण लॅमिनेट करून लावलेलं आहे. त्यात माझा फोटो आहे. हातात पांढरं रेशनकार्ड आणि चेहऱ्यावर मोठा अन्याय झाल्याचा भाव. वर ठळक अक्षरात छापलंय की तहसीलमधल्या बाबूच्या चुकीमुळे एका चिमुकलीचं औषध अडलं. व्याही भले गृहस्थ आहेत. आल्यागेल्याला ते कात्रण दाखवतात आणि मग माझ्याकडे बोट करतात, "हेच ते. लडले म्हंजे लडले." मी समोर खुर्चीत बसलेला असतो आणि चहा गार होऊ देतो.

चूक बाबूची नव्हती. माझी होती. गावाला हे आता माहीत आहे, मुलाला-सुनेला माहीत आहे, खुद्द त्या बाबूंना तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माजरीला मात्र अजून कळलेलं नाही. सून म्हणाली, "माह्या बापाले तुमीच सांगा, मामाजी. मी नाई सांगत." तोंडानं सांगायला गेलो की व्याही खांद्यावर थाप मारून जेवायला बसवतात आणि सांगणं राहून जातं. म्हणून लिहितो आहे. लिहिणं मला जमतं. सगळं बिघडलं तेही माझ्या लिहिण्यामुळेच.

मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका तलावकाठच्या गावचा. आमची घरं मासेमारांची. थोडं धान, बाकी तलाव. सातवीपर्यंत शिकलो आणि अक्षर बरं होतं, त्यामुळे मच्छीमार सोसायटीचा सचिव झालो आणि गावाचा अर्ज लिहिणाराही. विजेचा खांब वाकला, म्हातारीची पेन्शन थांबली, पोराचा शाळेचा दाखला हरवला, की लोक कोरा कागद घेऊन माझ्या ओट्यावर येत. माझ्या 'सविनय'मधली वेलांटी पाहून साहेब लोक सही करतात, अशी गावात समजूत होती. मीच ती पसरवली होती.

मुलगा माजरीच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला लागला आणि तिथल्याच एका निवृत्त खाणकामगाराची मुलगी त्याला सांगून आली. पाहुणे घर पाहायला आले. त्यांनी घर पाहिलं, तलाव पाहिला, रोहूचा रस्सा दोनदा घेतला. सगळं जुळल्यासारखं झालं. मग मुलीच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "कार्ड कोन्तं हाये तुमचं?"

आमचं कार्ड पिवळं होतं. म्हणजे सरकारी हिशेबात गरीब. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, अर्ध्या गावाचं पिवळंच होतं. पण समोरच्या माणसाच्या अंगावर पांढराशुभ्र शर्ट होता, मनगटावर घड्याळ होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पांढरं."

लग्न ठरलं. मला धास्ती पडली. पाहुणे पुन्हा आले आणि कार्ड दाखवा म्हणाले तर? वेगळं काही सुचेना, तेव्हा एक दिवस कोरा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. सविनय सादर की माझे उत्पन्न वाढले असून मला पांढरे कार्ड देण्यात यावे.

गोंडपिपरीला तहसीलच्या पुरवठा विभागात एक बाबू होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटून पाहिला, परत वाचला.

"भाऊ, लोक पांढऱ्याचं पिवळं करून द्या म्हणून पाया पडतात. तुमी उलटं काऊन करून राह्यले?"

"उत्पन्न वाढलं."

"कायनं वाढलं?"

"मासोळीनं."

बाबूंनी टेबलाच्या बाजूनं वाकून माझ्या चपलेकडे पाहिलं. तिला सुतळी बांधलेली होती. म्हणाले, "घरी जा. चार दिवस विचार करा." मी गेलो आणि चार दिवसांनी आलो. त्यांनी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या दारातच बसलो. तेव्हा त्यांनी अर्ज घेतला आणि म्हणाले, "भाऊ, एक दिवस तुमी मले शिव्या द्यान."

पांढरं कार्ड आलं. व्याह्यांनी पुढे कधीच कार्डाचं नाव काढलं नाही. रेशनचा तांदूळ बंद झाला तेव्हा मुलाला सांगितलं, नियम बदलले. बायको त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. ती असती तर माझी ही थाप एक दिवसही टिकली नसती.

मग नात झाली. डोळे मोठे, आवाज त्याहून मोठा, पण अंगाला काही लागेना. खायची दोन पोरांचं आणि दिसायची अर्ध्या पोरासारखी. पोट बिघडलेलंच, खोकला हटता हटेना. सून म्हणायची, "हिची पापी घेतली का खारट लागते." आम्ही हसायचो. कोणी म्हणालं, मासेमाराची पोर, खारट नाही तर काय गोड लागणार? कोणी जंत म्हणालं, कोणी टीबी म्हणालं. टीबीची औषधंही देऊन झाली. ती चार वर्षांची असताना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिची पापी खारट लागते का?"

सून तिथेच रडायला लागली आणि रडता रडता हसली. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी ही गोष्ट आपणहून विचारली होती.

घामाची तपासणी झाली. सिस्टिक फायब्रोसिस. सुनेनं हे नाव परतीच्या एसटीत पाठ केलं. नागपूर सोडलं तेव्हा अडखळत होती, चंद्रपूर आलं तेव्हा एका दमात म्हणत होती. मी अजून 'खारट आजार'च म्हणतो. जन्मापासूनचा असतो. शरीरातला चिकट रस घट्ट होऊन छातीत बसतो, पोटातल्या नळ्या बुजवतो, म्हणून खाल्लेलं पचत नाही. उपाय एका दिवसाचा नाही, रोजचा. प्रत्येक जेवणासोबत अन्न पचवणाऱ्या कॅप्सुल, वाफेचं मशीन, छातीवर थापट्या, आणि घामातून मीठ जातं म्हणून वरून जास्त मीठ.

थापट्यांचं काम माझ्याकडे आलं. हाताची ओंजळ उलटी करून पाठीवर, बरगड्यांवर मारायच्या, म्हणजे आतला चिकटा सुटतो. सकाळी ती माझ्या मांडीवर पालथी पडून फर्माइश करायची, "आबाजी, वरातीचा बाजा वाजवा." मी वाजवायचो. शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडायची, "आज कोनाचं लगन हाये वो?"

मिठाची तर वेगळीच मौज होती. मला ब्लडप्रेशर, त्यामुळे माझ्या ताटात अळणी वरण. नातीच्या ताटात खारवलेली सुकी मासोळी, पापड, वरून चिमूटभर मीठ. आम्ही शेजारी शेजारी जेवायचो. ती सुनेची पाठ वळली की बोटभर मीठ माझ्या भातावर टाकायची आणि डोळा मारायची. पकडली गेली की म्हणायची, "माह्याकडं जास्त होतं."

पण कॅप्सुल महाग होत्या. ठेकेदारीच्या पगारात त्या बसत नव्हत्या. दवाखान्यात मदत विभागाच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "एक संस्था ही औषधं कायमची पुरवते. डॉक्टरांचं पत्र मी करून देते. तुम्ही उत्पन्नाचा दाखला आणा आणि रेशनकार्ड आणा. पिवळं किंवा केशरी."

सुनेनं घरी येऊन पेटी उघडली, कार्ड काढलं आणि नुसती पाहत राहिली.

"मामाजी, हे पांढरं कसं? आपल्या घरी तं गाय बी नाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नवा अर्ज, सोबत उत्पन्नाचा दाखला, थोड्या दिवसांत केशरी कार्ड. मला ही वाट माहीत होती. मी दुसऱ्यांसाठी तसे अर्ज लिहिले होते. पण सांगायचं म्हणजे असं सांगायचं होतं की तुझं लग्न या घरात एका खोट्या शब्दावर झालं. मी म्हणालो, "ऑफिसातल्यांची चूक असन."

एवढे तीन शब्द.

मी मागाहून सुचवून पाहिलं, "जाऊ दे, नवा अर्जच करू." सून उसळली. "नवा कायले? चूक त्यांची, न् विनंती आपन करायची? आदी चूक मान्य करा म्हना! तक्रार लिवा, मामाजी. मी सांगतो तसं लिवा."

आणि मी लिहिलं. ती बोलत होती आणि मी त्याच सुंदर अक्षरात लिहीत होतो की संबंधित लिपिकाने निष्काळजीपणे आमच्या कार्डाचा वर्ग बदलला, त्याची चौकशी व्हावी. खाली सही तिची. विनंतीचा अर्ज सरळ चालतो. तक्रारीचा अर्ज चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

तक्रार दिली तेव्हा धानाची कापणी चालू होती. तहसीलच्या आवारात एक वार्ताहर भेटला, त्यानं मला कार्ड धरून उभं केलं आणि म्हणाला, "हसू नका." मी हसत नव्हतोच. मोह फुलला तरी चौकशी सरकली नाही. ते बाबू एव्हाना डोंगरावरच्या जिवतीला बदलून गेले होते. त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. ते डोंगर उतरून चकरा मारत होते आणि जुनी फाइल शोधत होते.

इकडे तलावावर सोसायटीनं आपला निर्णय घेतला. आमच्याकडे जाळं ओढून झालं की मासोळीच्या ढेऱ्या, म्हणजे लहान ढीग, लावतात. घरटी एक. लहानमोठी ढेरी झाली तर भांडण नको म्हणून एक पोर पाठ फिरवून उभं करतात. सोसायटीतला सगळ्यात म्हातारा माणूस काठीनं एका ढेरीला स्पर्श करतो, "हे कोनाची?" पोर न बघता घराचं नाव घेतं. जे नाव निघालं त्याची ती ढेरी. त्यात कोणी बदल करत नाही, सरपंचाचं घर असलं तरी. आवाज खणखणीत म्हणून हे काम माझ्या नातीकडे होतं. त्या वर्षी सोसायटीनं ठरवलं की एक ढेरी जास्तीची लावायची, औषधाची. ती बायका बाजारात विकायच्या आणि पैसे सुनेच्या हाती आणून द्यायच्या. ढेरी लागली की लोक बाबूला शिव्या द्यायचे. मी जाळं झटकत उभा राहायचो.

ढेरीवर सगळं भागत नव्हतं. कॅप्सुल पुरवून वापराव्या लागायच्या. एका दुपारी मी नातीला जेवायला हाक मारली. ती म्हणाली, "मले भूक नाई." जी पोर चुलीवरचं उकळतं कालवण बोटानं चाखते, तिला भूक नाही? मी जवळ बसलो. ती हळूच म्हणाली, "आबाजी, मी नाई जेवली का एक गोळी वाचते."

मी माझं ताट बाजूला सारलं. तिला ओढून मांडीवर घेतलं, जेवू घातलं, गोळी दिली. आणि तरीही सुनेला काही बोललो नाही. मला लिहून ठेवायचं आहे ते हेच. थाप मारणं एका क्षणाचं होतं. गप्प राहणं रोजचं होतं.

वैशाखात चौकशीचं बोलावणं आलं. मी आणि सून गोंडपिपरीला गेलो. पुरवठा विभागात पंखा गरगरत होता आणि जिवतीहून आलेले ते बाबू उन्हानं लाल झालेले बसले होते. सुनेनं त्यांना पाहिलं आणि दारातूनच सुरू केलं, "तुमीच काय ते? लेकराच्या औषधाशी खेळून राह्यले तुमी! तुमाले लेकरं नाईत काय?"

बाबूंनी चष्मा चढवला. त्यांनी फाइल उघडली. आतून एक पिवळा पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला, शेजारी आमची तक्रार ठेवली. दोन्ही कागद स्वतःकडे तोंड करून. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी सांगता का मी वाचू?"

मी उभाच होतो. सून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मग तिनं हात पुढे करून दोन्ही कागद फिरवले. घरी कॅप्सुलच्या डब्यांवर 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' मी लिहून चिकटवलं आहे. ती ते रोज पाहते. तिला वाचायची गरजच पडली नाही.

"दोन्ही तुमचंच अक्षर हाये, मामाजी."

"माहंच हाये," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. सुपारी, पांढरा शर्ट, सुतळीची चप्पल, तीन चकरा, बाबूंनी परत पाठवलेलं. ती ऐकत होती. मला वाटलं आता ओरडेल. ती वळली ती बाबूंकडे.

"साहेब, मी तुमाले लय बोलली. माफी द्या." पदरानं तोंड पुसलं. "आता कोन्ता फारम भरा लागते ते सांगा. यायले मी घरी पायतो."

बाबू हसले. पंख्याखालचा शिपाईही हसला. बाबूंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, "लिवा भाऊ. तुमचं अक्षर छान हाये." मी लिहिलं की माझे उत्पन्न वाढलेले नाही, पूर्वीही वाढले नव्हते. सुनेनं तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. धान कापल्यापासून मोह गळून जाईपर्यंत जे अडलं होतं, ते अर्ध्या तासाचं काम होतं.

एसटीत ती माझ्याशी बोलली नाही. पुढचे आठ दिवस बोलली नाही. जेवण वेळेवर वाढायची, पण नातीला सांगायची, "तुह्या आबाजीले सांग, ताट वाढलं." मी समोर बसलेलो असायचो. नात इमानदारीनं निरोप पोचवायची. नवव्या दिवशी ती थेट बोलली, "तलावावर सांगितल्याशिवाय मी त्या ढेरीचा पैसा हाती घेत नाई."

पावसाळ्याआधीचं शेवटचं जाळं होतं. ढेऱ्या लागल्या, नात पाठ फिरवून उभी राहिली, म्हाताऱ्यानं काठी उचलली, आणि मी म्हणालो, "थांबा. मले बोलाचं हाये." सगळं सांगितलं. मग मागून कोणी तरी म्हणालं, "म्हंजे आमी सहा महिने फुकटच शिव्या देल्या काय त्या मानसाले?"

"आता त्या शिव्या परत कशा घ्याच्या?"

"भाऊनं मासोळीनं उत्पन्न वाढलं म्हून सांगतलं! अबे, आमचं काऊन नाई वाढलं मंग?"

हसणं सुरू झालं ते थांबेना. मला हसण्याची अपेक्षा नव्हती. म्हाताऱ्यानं काठी आपटली आणि निकाल दिला: औषधाची ढेरी पोरीची आहे, ती चालू राहील, कार्ड हाती येईपर्यंत. भाऊच्या घरची ढेरी मात्र आज मिळणार नाही. मग काठी पहिल्या ढेरीवर टेकवून त्यानं विचारलं, "हे कोनाची?"

नात पाठ फिरवून उभी होती, पण कान काही फिरवलेले नव्हते. ती ओरडली, "गोंडपिपरीच्या बाबूची!"

ती त्या दिवसातली सगळ्यात मोठी ढेरी निघाली. वर हातभर लांबीची जिवंत मरळ वळवळत होती. जे नाव निघालं त्याची ढेरी. म्हाताऱ्यानं काठी पुढच्या ढेरीकडे नेली.

दुसऱ्या दिवशी मी मरळ पाण्याच्या डब्यात घालून आणि बाकी मासोळी पळसाच्या पानात बांधून तहसीलला गेलो. चौकशी मिटल्यावर बाबू आता बदली होऊन गोंडपिपरीला परत आले होते. त्यांनी पुडा पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. "भाऊ! एक वेळा नोटीस आनली तेवढी पुरे नाई झाली काय? आता लाच घेताना पकडून देता?"

सगळ्या विभागात वास सुटला होता. शिपाई म्हणाला, पुडा माझ्याकडे द्या, मी कोणाला सांगत नाही. तो त्यालाच दिला. बाबू हळू आवाजात म्हणाले, "रविवारी ऑफिस बंद असते. रविवारी मी कोनाचा बाबू नाई."

मरळ पाण्यात बरेच दिवस तग धरते. रविवारपर्यंत ती आमच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, होती आणि नात तिला रोज सांगायची की तुला कोण खाणार आहे. बाबू मोटारसायकलवर आले. सुनेनं मरळीचा रस्सा केला. माझ्यासाठी वेगळा, अळणी. जेवायला बसल्यावर नातीनं कॅप्सुल काढली, बाबूंना दाखवली, पाण्याशिवाय गिळून दाखवली आणि आजाराचं नाव एका दमात सांगितलं. बाबूंनी दोनदा म्हणायचा प्रयत्न केला. "जमत नाई," ते म्हणाले. "आबाजीले बी जमत नाई," नातीनं त्यांना धीर दिला आणि त्यांच्या भातावर, न विचारता, चिमूटभर मीठ टाकलं.

केशरी कार्ड आलं. कागद नागपूरला गेले. संस्थेकडून औषधाचा पहिला खोका आला तेव्हा नातीनं डबे ओळीनं मांडले आणि पहिला प्रश्न विचारला, "आता मी दोनदा जेवू शकतो?" त्या दिवशी ती तीनदा जेवली. आता ती पाचवीत आहे, वजन काट्याला जाणवतं, थापट्यांसाठी मांडीवर मावत नाही, बाजेवर आडवी पडते. तलावावर औषधाची ढेरी आता लागत नाही. सुनेनंच जाऊन सांगितलं, आता पुरे.

व्याहीबुवा, एवढं वाचून झालं असेल तर भिंतीवरचं कात्रण उतरवा. तुम्ही कार्ड विचारलंत त्यात तुमचा दोष नव्हता. पोरगी कुठल्या घरात द्यायची, हे बापानं विचारायलाच हवं. खोटं मी बोललो. आणि तुमची मुलगी या घरात आली ती माझ्या खोट्यामुळे, पण हे घर चालतं ते तिच्या खरेपणामुळे.

नात मागून वाचते आहे. म्हणते, "आबाजी, याले सविनय नाई लिवलं?" मी म्हणालो, हा अर्ज नाही. ती म्हणाली, "पन सही तं लागते ना?" बरोबर आहे तिचं. मागच्या खेपेला मी लिहिलं आणि सही सुनेची घेतली होती. या खेपेला खाली माझी आहे.